कपड्याआडचं पाऊल

तो जन्मभर चालला आणि कुठेच पोचला नाही. ही शिवी नव्हे, त्याचा धंदाच तसा होता.

सिनेमात माणसं चालतात, पळतात, जिने चढतात, पण ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्यांची नसतात. चित्रीकरणाच्या वेळी मागे कुणी खोकत असतं, कुठे यंत्र घरघरत असतं, कुणीतरी कुणाच्या तरी नावाने ओरडत असतं. म्हणून आवाज मागाहून बंद खोलीत नव्याने भरतात. भरणारी माणसं वेगळी. हा पावलं भरायचा. खोलीच्या जमिनीवर चौकोन केलेले होते, एक फरशीचा, एक लाकडी फळ्यांचा, एक वाळूचा, एक पत्र्याचा, आणि समोर पडदा. पडद्यावरचा नायक गावच्या गाव ओलांडून पळाला की हा त्याच्याबरोबर आपल्या चौकोनात जागच्या जागी पळायचा. घाण्याचा बैल निदान गोल तरी फिरतो. याला तेवढंही नाही.

सगळे त्याला टाचदादा म्हणायचे. टाच अशी टेकवायचा, की डोळे मिटून ऐकलं तरी कळावं, माणूस जाडजूड आहे का काटकुळा, घरी निघालाय का घर सोडून.

घोट्याच्या वरचं सगळं त्याच्या बायकोचं. तिला सगळे वहिनी म्हणत. कपड्यांची सळसळ, किल्ल्यांची खणखण, चपराकी, उसासे, हुंदके, फुटलेल्या काचा, मोडलेली हाडं. हाडं म्हणजे गाजरं. पोटात बुक्की बसायची ती कोबीच्या गड्ड्यावर. काम संपलं की कोबी आणि गाजरं पिशवीत घालून घरी यायची. "आमच्या घरात मार खाल्ल्याशिवाय भाजी शिजत नाही," ती म्हणायची. दोघं कामाला बसण्याआधी पोटभर जेवून घ्यायची, कारण त्या खोलीत भुकेलं पोट बोललं तरी ते पडद्यावरच्या राजकन्येच्या पोटातून बोलल्यासारखं ऐकू जायचं. पंखा बंद, खिडकी नाहीच. हिवाळ्यातसुद्धा घाम.

असा संसार चालला होता. मग याचा उजवा गुडघा गेला.

आधी नुसता कुरकुरला. मग भर कामात दगा द्यायला लागला. टाच टेकायची, आणि अंगाचं वजन खाली उतरायच्या आत आतून काहीतरी निसटायचं. पाऊल पडायचं, पण पोकळ, रिकामा डबा ठेवावा तसं. दरवेळी नाही. मधूनच एखादं. पण कधी येईल त्याचा नेम नाही.

त्याने कुणाला सांगितलं नाही. नटाचा चेहरा सुरकुतला तर त्याला बापाच्या भूमिका मिळतात. पायवाल्याचा पाय गेला तर त्याला काय मिळणार? लंगडी पावलं सिनेमात लागतात तरी किती?

घरी तो न्हाणीघरात नळ सोडून गुडघ्याला तेल चोळायचा. नळ अशासाठी, की बाटलीचं झाकण फिरवल्याचं कळू नये. आता बघा, बायको कोण? कपडा नुसता हलला तरी सुती का रेशमी ते सांगणारी. नळाच्या धारेमागचं झाकण तिला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. वास तर भिंत ओलांडून जायचा. शेजारीण विचारायला आली, "कुणाला लागलंबिगलं आहे का हो?" वहिनी म्हणाली, "छे, दाराची बिजागरी कुरकुरतेय."

खुर्चीतून उठताना गुडघा कट्ट वाजायचा. हा लगेच म्हणायचा, "ही खुर्ची मोडायला आलीय."

"आलीय खरी," ती म्हणायची, "तेल लावत जा तिला."

तो दचकून बघायचा. ती कणीक मळत असायची.

तिने का नाही विचारलं? विचारलं असतं तर तो घरी बसला असता, हे तिला ठाऊक होतं. पूर्वी एकदा तापाने तो घरी राहिला होता, तेवढ्यात त्याने स्वयंपाकघरातले सगळे डबे वाजवून बघून सुराप्रमाणे ओळीने लावून ठेवले. तिला महिनाभर मीठ सापडत नव्हतं. ते एक सोडा. पण त्याच दिवसांत ती एकटी कामाला निघाली, तो दारापर्यंत आला, आणि ती जिना उतरून रस्त्याला लागली तरी दार लावल्याचा आवाज आला नाही. तिने वळून बघितलं नाही. पण न आलेला तो आवाज तिच्या पोटात बसला तो बसलाच.

म्हणून तिने आपल्या परीने उपाय काढला. ती त्याच्या शेजारीच उभी असायची, हातात नायकाचं जाकीट नाहीतर खलनायकाचा कोट. पाऊल पोकळ पडणार हे तिला पाऊल पडण्याआधी कळायचं. त्याचा श्वास किंचित अडकायचा. तेवढ्यात ती हातातला कपडा झटकायची. सर्र! पोकळ पाऊल त्या सळसळीखाली झाकलं जायचं. पडद्यावर वाटायचं, माणूस वळला, कोट हलला. लोकांनी तारीफ केली, की अलीकडे तुमच्या कामात कपड्यांची मोठी रंगत आलीय. टाचदादा घरी येऊन म्हणाला, "तुझ्या कोटाचं कौतुक चाललंय हल्ली. आमच्या पायांकडे कोण बघतंय!"

"बघितलं नाही तेच बरं आहे," ती म्हणाली, आणि तो हसला. त्याला वाटलं थट्टा केली.

मग तो मारामारीचा सिनेमा आला.

दिग्दर्शन एक तरुण बाई करत होती. केस कापलेले, हातात सतत थंड झालेला चहा. मारामारीचे आवाज आधीच भरून झाले होते. दोन पिशव्या कोबी त्यात खर्ची पडला. राहिला होता मारामारीच्या आधीचा प्रसंग. एक माणूस गोदामात पोत्यांच्या मागे लपलाय. दुसरा त्याला मारायला आलाय. तो आत येतो, पोत्यांच्या रांगांमधून चालत येतो आणि लपलेल्या माणसाच्या पुढ्यात थांबतो. बस. एवढंच. मग पुढे धडाधड.

संगीतकाराने त्या प्रसंगाला ढोल लावले होते. बाईंनी ते काढायला लावले.

"ढोल वाजले की माणसाला कळतं, आता मारामारी होणार," बाई म्हणाल्या. "मग तो खुर्चीला टेकून बसतो. मला तो टेकायला नकोय."

ढोलांच्या जागी आता एक बारीक, खालच्या सुरातली घूंऽऽ होती. ती इतकी हळू वाढायची, की ऐकणाऱ्याला ती आहे हेच कळायचं नाही. आणि मारेकऱ्याने गोदामात पाय टाकला की एकदम बंद. बंद झाल्यावर कळायचं, की काहीतरी वाजत होतं. टाचदादाने ते ऐकलं आणि मान हलवली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "रातकिडे ओरडतात तोवर राखणीचा माणूस झोपतो. ते गप्प झाले की उठून काठी शोधतो."

"अगदी तेच," बाई म्हणाल्या. "आता त्या शांततेत फक्त पावलं हवीत. दुसरं काही नको. तो माणूस वाटायला नको. नुसती पावलंच चालत येताहेत असं वाटायला हवं."

वहिनी कोट घेऊन उभी होती. "थोडा कपडा लागेलच ना पण? नाहीतर फार उघडं वाटेल."

"उघडंच हवंय, वहिनी."

"बाह्या तरी घासतील थोड्या. बेताचं करते."

"काहीच नको. तुम्ही त्या पोत्यामागच्या माणसाचा श्वास करा शेवटी. तोवर बसा."

ती स्टुलावर बसली. कोट मांडीवर. हात कोटावर.

टाचदादाने फरशीच्या चौकोनात चिमूटभर रेती टाकून जड बूट चढवले. पडदा सुरू झाला. घूंऽऽ वाढली, तुटली. टाच. मग तळवा. मग बुटाखाली रेतीचा चुरचुर आवाज. टाच, तळवा, चुरचुर. घाई नाही. बाई पुढे सरकल्या. त्या खोलीत बसलेल्या माणसांना माहीत होतं, की हा घामेजलेला, पोट सुटलेला गृहस्थ बनियनवर एका जागी पाय आपटतोय, तरी अंगावर काटा आला.

आणि मग एक पाऊल पोकळ पडलं.

वहिनीचे हात कोटावर हलले, पण तिने ते दाबून धरले.

"पुन्हा घेऊ या," टाचदादा स्वतःच म्हणाला. "बूट सैल झाला."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच, जरा आधीच. "फरशी ओलसर आहे का बघा जरा." पुसली. पुन्हा घेतलं. या वेळी तीन पावलांतच. शांततेत ते असं ऐकू गेलं, जसा भर पंगतीत... जाऊ द्या. सगळ्यांना ऐकू गेलं.

खोलीच्या एका भिंतीला काच होती. तिच्यापलीकडे आवाज मुद्रित करणारा बसायचा. त्याला सगळे काचेतला म्हणत. त्याला खोलीतल्यांशी बोलायचं असलं की एक बटण दाबायचं, मग त्याचा आवाज खोलीतल्या कर्ण्यातून यायचा. बटण सोडलं की बंद. बाई उठून त्याच्याकडे गेल्या. काचेतला वळून त्यांच्याशी बोलायला लागला, आणि त्याचं कोपर त्या बटणावर तसंच राहिलं.

कर्ण्यातून खणखणीत आवाज आला, "उजवा पाय गेलाय त्यांचा. वर्ष झालं. दरवेळी वहिनी कपडा हलवून झाकतात, आणि मी उरलंसुरलं घासून काढतो. आज तुम्ही कपडाच काढून घेतलात, झाकणार कशाने?"

बाईंनी काचेतून खोलीकडे बघितलं. मग काचेतल्याने बघितलं. मग कोपराकडे. मग कर्णा बंद झाला, पण आता होऊन काय उपयोग.

टाचदादा पत्र्याच्या चौकोनाकडे बघत होता. वहिनी कोटाच्या गुंड्या लावत बसली, आधीच लागलेल्या.

"वर्ष झालं?" तो म्हणाला.

"त्याला काय कळतंय. जास्त झालं."

"आणि तू झाकत होतीस."

"मग काय उघडं पाडू?"

"मला सांगायचं होतंस."

"मी सांगू? गुडघा कुणाचा? नळ कोण सोडत होतं? पाण्याचं बिल बघितलंत का कधी?"

"हळू बोल. ते ऐकताहेत."

"ऐकू दे. त्यांचा धंदाच आहे तो."

त्याला राग आला होता, पण तो कुठे ठेवावा हे सुचत नव्हतं. तो खाली वाकला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. "आणि मी समजत होतो, लोक फसलेत. अख्ख्या गावाला दिसावं आणि मी आपला कासोटा सुटलेलं धोतर घेऊन मिरवतोय. माझं काम सगळं तुझ्या त्या फडक्याखाली होतं म्हणजे."

"सगळं नाही हो. एखादं पाऊल."

"एखादंच पुरतं."

बाई आत आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "दादा, माझ्याकडे यंत्रात तयार पावलं आहेत. हा एवढा तुकडा आपण तिथली वापरू. बाकी सगळा सिनेमा तुमचाच आहे. तुम्ही आज घरी जा, विश्रांती घ्या."

त्या मनापासून बोलत होत्या. म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. त्याने मान डोलावली. "वापरा. चांगली असतात ती. थकत नाहीत." आणि त्याने घरी जायला म्हणून आपल्या चपला शोधल्या.

वहिनीला त्या क्षणी ते दार आठवलं, न लागलेलं. हा आज घरी गेला तर परत येणार नाही, हे तिला लख्ख दिसलं.

"थांबा," ती म्हणाली. "ते बूट इकडे द्या."

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

तिने आपल्या पायांत त्याचे बूट चढवले. दोन पाय आणखी मावले असते. तिने तो कोट घेतला, त्याच्या बाह्या बुटांत कोंबून बघितल्या, मग नाद सोडून पिशवीतली पुसायची फडकी बुटांच्या टोकांत कोंबली आणि उभी राहिली.

"तू चालणार?" टाचदादा म्हणाला. "पडद्यावर पैलवान आहे तो!"

"मग काय? तुम्ही नाही का नायिकेच्या सँडलमध्ये नाचलात? गल्लीभर सांगत होतात."

काचेतल्याने हसू दाबलं. बाई म्हणाल्या, "करून तर बघू."

टाचदादा तिच्या रिकाम्या स्टुलावर टेकला, वहिनी चौकोनात उभी राहिली. पडदा सुरू. तिने पावलं टाकली. खट, खट, खट, खट. नीटनेटकी, एकासारखी एक.

"अगं, तो खून करायला आलाय," टाचदादा स्टुलावरून ओरडला. "गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी काय पळतेस?"

"मग सांगा ना नीट!"

सांगायचं म्हणजे काय, हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि त्याने कधी शब्दांत मांडलं नव्हतं. तो पायाकडे बघत, अडखळत बोलायला लागला. "आधी टाच. वजन लगेच सोडायचं नाही. टाच टेकली की ऐकणारा वजनाची वाट बघतो. त्याला थोडी बघू दे. मग सोड. हां. आणि घाई नाही. मारणाऱ्याला ठाऊक आहे, दुसरा कुठे लपलाय. ज्याला ठाऊक असतं तो कशाला धावेल? जवळ येशील तसा आवाज मोठा करू नकोस. जोर लावलास की ढोल झाला. जवळ आल्यावर बारीकसारीक ऐकू यायला लागलं पाहिजे. रेती. चामडं. नाडीचं टोक. लांबच्या माणसाचं फक्त पाऊल ऐकू येतं, जवळच्याचा बूट ऐकू येतो."

ती पुन्हा चालली. पुन्हा चुकली. "चालतेस का कपडे पिळतेस?" पुन्हा. "आता बरं आहे. डावीकडे जरा जास्त झुक. नाही, इतकी नको, पडशील."

बाई कागदाचा कप हातात धरून उभ्या होत्या. घरी जा असं त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत.

"आणि श्वास?" त्यांनी विचारलं. "वहिनी चालणार तर पोत्यामागचा माणूस कोण?"

वहिनी नवऱ्याकडे बघत म्हणाली, "आहेत की बसलेले."

"मी कधी श्वास भरला नाही," टाचदादा म्हणाला.

"इतकी वर्षं काय कल्ल्यांनी घेत होतात?"

त्याच्या तोंडापुढे दुसरा माईक लावला. पहिल्या खेपेला तो भात्यासारखा फुसफुसला. "लोहाराकडे लपलाय का हा?" वहिनीने विचारलं. "नाकाने घ्या. आणि घेतलेला सोडू नका. माणूस घाबरला की श्वास घेतो आणि सोडायचं विसरतो. मग थोडा थोडा, सांडतोय असा सोडायचा." ती त्याच्यासमोर वाकून करून दाखवत होती, पायात ते नावेएवढे बूट.

मग बाईंनी एक बदल केला. वहिनीने जागच्या जागी चालायचं नाही. खोलीच्या टोकाच्या दारापासून रेती टाकलेल्या फरशीवरून खरंच चालत यायचं, टाचदादाच्या स्टुलापर्यंत. काचेतल्याने लांबचा माईकही चालू केला. वहिनी दाराशी गेली.

दिवे मंद झाले. पडद्यावर काळं गोदाम. घूंऽऽ आली, चढली, तुटली.

टाच. वजन नाही, वजन नाही, मग वजन.

टाचदादाने डोळे मिटले होते. पडदा बघायची गरज नव्हती. बायकोची चाल त्याने रोज ऐकली होती, जिन्यावर, स्वयंपाकघरात, तापात पडल्या पडल्या. त्यातली कुठलीच ही नव्हती. ही त्याची स्वतःची चाल होती, दोन वर्षांपूर्वीची, भरीव, बिनखोट. ती खोलीच्या टोकापासून त्याच्याच दिशेने येत होती. रेती ऐकू आली. मग चामडं. त्याने श्वास घेतला आणि सोडायचं विसरला. पावलं अगदी पुढ्यात येऊन थांबली. बुटाच्या नाडीचं टोक फरशीवर एकदा टिचकलं.

मग काही नाही.

तो श्वास सांडत सांडत बाहेर आला. मध्ये एकदा अडकला, पुन्हा आला. काचेतल्याने मान खाली घातली. बाईंच्या हातातला कागदी कप चेपला गेला आणि तो आवाजही मुद्रित झाला. मागाहून तो काढायला काचेतल्याला अख्खी दुपार लागली.

"झालं?" वहिनीने हळूच विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या. "उद्या छपरांवरचा पाठलाग आहे. पत्र्यावरून पळायचंय. जमेल?"

वहिनीने नवऱ्याकडे बघितलं. प्रश्न तिलाच विचारला होता, पण उत्तर तिचं एकटीचं नव्हतं. तो गुडघा चोळत होता, सगळ्यांसमोर, नळबिळ न सोडता.

"हे बूट घालून नाही जमायचं," तो म्हणाला. "पत्र्यावरून खाली पडेल ही."

एवढंच बोलून तो चपला घालायला उठला. वहिनीला त्यातून काही कळेना. घरी जायच्या वाटेवर तो नेहमीच्या वळणाला वळला नाही. चांभाराच्या टपरीपाशी थांबला. चांभार त्यांना चांगला ओळखायचा. याचे बूट इतक्या वेळा तळ लावून घेतलेले, की मूळ बूट त्यात किती उरलाय हे त्यालाच सांगता आलं नसतं.

"पाय दे गं," टाचदादा बायकोला म्हणाला.

तिने फळीवर पाय ठेवला. चांभाराने माप घेतलं. "काय करायचं? सँडल का?"

"बूट. पुरुषी. टाच जड ठेव, आतून लोखंडाची पट्टी घाल. तळवा पातळ. उद्या सकाळी हवेत."

चांभाराने पेन्सिल कानावर ठेवली. "वहिनींना? कुणाला तुडवायचं ठरलंय की काय?"

"सध्या मीच आहे समोर," टाचदादा म्हणाला.

"आणि तुमचे? तळ लावायचे असतील ना नेहमीसारखे?"

"ते राहू दे." तो टपरीच्या बाकावर टेकला आणि पाय लांब केला. "मला आता बसून काम आहे. हिला चालायला शिकवायचंय."

"बघा हो भाऊ," वहिनी चांभाराला म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली आणि म्हणे चालायला शिकवायचंय!" पण पाय तिने फळीवरून लगेच काढला नाही.